साई भाजीचे पातेले आणि रक्ताची गुठळी
लसूण, आले, पालक, कोथिंबीर रक्ताच्या गोठण्यावर कसा परिणाम करतात?

उल्हासनगर, प्रतिनिधी

उल्हासनगरच्या कोणत्याही कॅम्पातील भाजीबाजारात सकाळी फेरी मारावी. पालक, चुका, शेपू आणि मेथीच्या जुड्या एकाच हातगाडीवरून एकाच पिशवीत पडताना दिसतात. घरी गेल्यावर त्या चणाडाळीसह एका पातेल्यात शिजतात, वर लसणाची खमंग फोडणी बसते आणि 'साई भाजी' तयार होते. सिंधी भाषेत साई म्हणजे हिरवी. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा घेतलेल्या आणि १९४९ साली उल्हासनगर वसविणाऱ्या सिंधी कुटुंबांनी हा पदार्थ आपल्यासोबत आणला. आज तो अंबरनाथ आणि बदलापूरच्या मराठी घरांनाही अपरिचित राहिलेला नाही.

या एका पातेल्यात मानवी रक्ताशी संबंधित दोन परस्परविरोधी शक्ती एकत्र शिजत असतात. लसणातील काही द्रव्ये रक्त गोठण्याच्या क्रियेला किंचित आवर घालतात. पालक, मेथी, कोथिंबीर या हिरव्या पानांत मात्र रक्त गोठण्यासाठी अत्यावश्यक असलेले 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. निरोगी माणसाच्या शरीरात या ओढाताणीचा सहजी निभाव लागतो. त्याने त्याचा विचार करण्याचेही कारण नाही. परंतु हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेल्या आणि त्यामुळे रोज रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न जिवाशी निगडित आहे.

अशा रुग्णांच्या घरात दोन सल्ले हमखास ऐकू येतात. पहिला, 'हिरवी भाजी अजिबात बंद करा'. दुसरा, 'लसूण खा, रक्त आपोआप पातळ होते, गोळीची गरजच उरत नाही'. दोन्ही सल्ल्यांत सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ते धोकादायक आहेत. पहिल्याने पोषण बिघडते आणि गोळीचा हिशेबही चुकतो. दुसऱ्याने प्राण जाऊ शकतो.

रक्त 'पातळ' होत नाही

मुळात 'रक्त पातळ होणे' हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन घेतल्याने डाळीत पाणी घातल्याप्रमाणे रक्त पातळ होत नाही. त्याचा दाटपणा तोच राहतो. बदलते ती त्याची गोठण्याची तत्परता.

बोट कापल्यावर रक्त थांबते ते दोन टप्प्यांत. प्रथम प्लेटलेट, म्हणजे रक्तातील सूक्ष्म चकत्या, जखमेच्या जागी धावतात आणि एकमेकींना चिकटून तात्पुरता बांध घालतात. डेंग्यूच्या साथींमुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. त्यानंतर यकृतात तयार होणारी गोठणघटक नावाची प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि अखेरीस फायब्रिन या तंतूंचे जाळे विणले जाते. हे जाळे त्या कच्च्या बांधाला पक्के करते. काम संपल्यावर जाळे विरघळविणारी तिसरी यंत्रणाही शरीरात असते.

औषधेही याच टप्प्यांवर घाव घालतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटची चिकटण्याची क्रिया रोखतात. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांना हीच औषधे दिली जातात. वॉरफरिन आणि आपल्याकडे अधिक प्रचलित असलेले असिनोकुमरॉल गोठणघटकांच्या निर्मितीवर मर्यादा घालतात. स्वयंपाकघरातील वनस्पतींचेही तसेच आहे. लसूण, आले, लवंग यांचा संबंध मुख्यतः प्लेटलेटशी, तर पालेभाज्यांचा गोठणघटकांशी येतो. कोणती वनस्पती कोणत्या टप्प्यावर काम करते हे कळले, की निम्मा गोंधळ दूर होतो.

पुण्यातील एक जुना अभ्यास

कांदा आणि लसूण यांचा रक्ताशी असलेला संबंध तपासण्यात भारतीय डॉक्टर आघाडीवर होते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डॉ. मेनन यांनी सहकाऱ्यांसह १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कांदा खाल्ल्यावर रक्तातील गुठळी विरघळविण्याची क्षमता वाढते, असे दाखविले. कांदा तळला किंवा उकडला तरी हा गुण टिकत होता. उदयपूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. अरुण बोर्डिया यांनी १९७३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लसणाविषयीचा अभ्यास मांडला. लोण्याचा भारी आहार घेतल्यावर रक्त लवकर गोठू लागते. त्यासोबत लसूण दिल्यास हा परिणाम रोखला जातो, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्रातील अभ्यास मात्र सर्वांत कल्पक होता. लसणाचा खरा परिणाम जाणून घ्यायचा तर लसूण कधीच न खाणारी माणसे हवीत आणि ती इतर बाबतींत लसूण खाणाऱ्यांसारखीच हवीत. अशी माणसे मिळणार कोठे? पुण्यात डॉ. जी. एस. सैनानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती जैन समाजात मिळाली. एकाच समाजातील शाकाहारी व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटातील लोक आठवड्याला किमान ६०० ग्रॅम कांदा आणि ५० ग्रॅम लसूण खात. दुसऱ्या गटाचे प्रमाण कमी, म्हणजे २०० ग्रॅम कांदा आणि १० ग्रॅम लसणाच्या आत होते. तिसऱ्या गटाने धार्मिक नियमामुळे दोन्हींना कधी स्पर्शच केला नव्हता. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांच्या रक्तात गुठळीचा कच्चा माल असलेले फायब्रिनोजेन अधिक आढळले आणि त्यांचे रक्त गोठण्यास लागणारा वेळ कमी भरला.

अशा निरीक्षणात्मक अभ्यासाला मर्यादा असतात. जे लोक कांदा-लसूण काटेकोरपणे टाळतात, त्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. शिवाय प्रयोगशाळेतील आकडा बदलला म्हणजे हृदयविकाराचा झटका टळला, असे होत नाही. तरीही दैनंदिन आहाराचा रक्तावर काही ना काही ठसा उमटतो, हे या अभ्यासाने आपल्याच माणसांवर तपासून दाखविले.

पाकळी ठेचल्यावर काय घडते?

अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की पेशी फुटतात, एक विकर मोकळे होते आणि काही सेकंदांत ॲलिसिन हे उग्र वासाचे द्रव्य तयार होते. ते १९४४ साली अमेरिकेत प्रथम वेगळे करण्यात आले. ॲलिसिनपासून पुढे जे पदार्थ बनतात, त्यांतील अजोईन हा प्लेटलेटना चिकटण्यापासून रोखणारा सर्वांत प्रभावी घटक मानला जातो. अमेरिकेतील एरिक ब्लॉक आणि महेंद्र जैन तसेच व्हेनेझुएलातील राफाएल अपिट्झ-कास्त्रो यांनी १९८४ साली त्याची रचना जाहीर केली. स्पॅनिश भाषेत लसणाला 'आहो' म्हणतात. त्याच शब्दाच्या स्पेलिंगवरून हे नाव आले.

हे विकर उष्णतेने नष्ट होते. म्हणूनच लसूण कसा शिजवला, याला महत्त्व आहे. अर्जेंटिनातील संशोधकांनी २००७ साली हे पद्धतशीर तपासले. अखंड पाकळ्या सहा मिनिटे उकळल्या किंवा भाजल्या, की त्यांचा प्लेटलेटवरील प्रभाव पूर्ण नाहीसा झाला. आधी ठेचून मग शिजविल्यास तो काही अंशी शिल्लक राहिला. आपल्याकडील खलबत्त्यात ठेचलेला लसूण आणि अखंड पाकळ्यांची खरपूस फोडणी यांत केवळ चवीचाच फरक नाही, असा याचा अर्थ.

मात्र यावरून कच्चा लसूण म्हणजे औषध, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २००७ सालीच व्हिएन्ना येथील भूलतज्ज्ञांनी १८ निरोगी व्यक्तींना आठवडाभर रोज ४.२ ग्रॅम कच्चा लसूण दह्याच्या चटणीतून खाऊ घातला. एखाददुसऱ्या मोठ्या पाकळीइतके हे प्रमाण आहे. त्यांच्या प्लेटलेटच्या कामात कोणताही फरक पडला नाही. त्याच लसणाचा अर्क परीक्षानळीत थेट रक्तात मिसळला, तेव्हा मात्र प्रमाणानुसार प्लेटलेट मंदावल्या. ताटातील लसूण आणि परीक्षानळीतील अर्क यांतले अंतर याहून स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग क्वचितच सापडेल.

अतिरेकाचे उदाहरणही नोंदले गेले आहे. १९९० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ८७ वर्षांच्या एका वृद्धाची हकिकत प्रसिद्ध केली. रोज चार पाकळ्या लसूण खाण्याची सवय असलेल्या या गृहस्थांच्या मणक्यात आपोआप रक्तस्राव झाला होता आणि त्यांच्या प्लेटलेटचे काम बिघडलेले आढळले. एका रुग्णावरून नियम ठरत नाही. पण वृद्धापकाळात रोजच्या नेमाने घेतलेल्या कच्च्या लसणाकडे डॉक्टर दुर्लक्ष का करीत नाहीत, हे त्यावरून समजते.

आले, हळद, मेथी, दालचिनी

आल्याची कहाणी साधारण तशीच आहे. डॉ. बोर्डिया आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हृदयरुग्णांना रोज चार ग्रॅम सुंठ तीन महिने दिली. प्लेटलेटवर परिणाम झाला नाही. एकाच वेळी १० ग्रॅम सुंठ दिल्यावर मात्र प्लेटलेटचे चिकटणे लक्षणीय प्रमाणात घटले. १० ग्रॅम म्हणजे जवळपास तीन-चार चहाचे चमचे भरून सुंठ. रोजच्या चहात किसलेल्या आल्याचा तुकडा त्याच्या जवळपासही जात नाही. याच अभ्यासात मेथीदाणे रोज पाच ग्रॅम देऊनही गोठण्यात फरक आढळला नाही.

लवंगेतील युजेनॉल आणि हळदीतील कर्क्युमिन हेही प्लेटलेटना आवर घालतात, असे प्रयोगशाळेत दिसते. डेन्मार्कमधील ओडेन्स विद्यापीठात काम करणारे डॉ. के. सी. श्रीवास्तव यांनी भारतीय मसाल्यांवर याविषयी विस्ताराने संशोधन केले. परंतु हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून रक्तात अत्यल्प प्रमाणात उतरते. भाजीतील चमचाभर हळद या दृष्टीने जवळपास निरुपद्रवी आहे.

दालचिनीविषयीचा गैरसमज वेगळ्या प्रकारचा आहे. जाड सालीच्या 'कॅशिया' जातीच्या दालचिनीत कुमारिन हे सुगंधी द्रव्य बरेच असते. वॉरफरिनचे रासायनिक कूळही तेच. त्यामुळे 'दालचिनी म्हणजे नैसर्गिक वॉरफरिन' असे संदेश मोबाइलवर फिरतात. प्रत्यक्षात साध्या कुमारिनमुळे रक्ताचे गोठणे थांबत नाही. अति कुमारिनचा धोका यकृताला असतो. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने त्याची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरविली आहे, ती याच कारणासाठी. कुमारिनचे गोठणविरोधी द्रव्य व्हायला बुरशीची मदत लागते. त्याची कथा गोठ्यातून सुरू होते.

बर्फातून आलेला दुधाचा कॅन

१९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातील गाईगुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण होते बुरशी लागलेला 'स्वीट क्लोव्हर' हा चारा. ही वनस्पती आपल्या मेथीची जवळची नातलग. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून शेकडो किलोमीटर प्रवास करून मेलेली कालवड, खराब चारा आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठात पोहोचला. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांनी सहा वर्षांच्या परिश्रमानंतर १९३९ साली त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळे केले. बुरशीने कुमारिनचे रूपांतर या घातक द्रव्यात केले होते. याच संशोधनातून पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ साली ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांच्या उपचारांत वापरले जाऊ लागले.

हे औषध काय करते, हे कळण्यासाठी दुसरे एक संशोधन पाहावे लागते. डेन्मार्कचे हेन्रिक डॅम यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतून रक्त गोठण्यासाठी आवश्यक असे नवे जीवनसत्त्व शोधले. 'कोआगुलेशन' म्हणजे गोठणे, या शब्दाच्या डॅनिश आणि जर्मन रूपातील पहिल्या अक्षरावरून त्याला 'के' हे नाव मिळाले. डॅम आणि अमेरिकेचे एडवर्ड डॉइझी यांना त्यासाठी १९४३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. यकृतातील चार गोठणघटकांना सज्ज होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. वापरलेले जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून घेते. वॉरफरिन आणि असिनोकुमरॉल हे ताजे करणेच अडवितात.

आता पालकाचा संबंध लक्षात येईल. 'के' जीवनसत्त्वाचा निसर्गातील मोठा साठा हिरव्या पानांत आहे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते सुमारे ४८० मायक्रोग्रॅम, तर तेवढ्याच कोथिंबिरीत सुमारे ३१० मायक्रोग्रॅम असते. अमेरिकी मानकांनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० आणि स्त्रीला ९० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जाते. म्हणजे पोह्यांवर भुरभुरलेल्या १० ग्रॅम कोथिंबिरीतून जेमतेम ३० मायक्रोग्रॅम मिळतात, पण वाटीभर साई भाजीत दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट 'के' असू शकते. हे जीवनसत्त्व शिजविल्याने फारसे नष्ट होत नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्याने फोडणीतील तेलामुळे शरीराला अधिक सुलभपणे मिळते. औषधाने अडविलेली वाट पालक अशा रीतीने बाजूने मोकळी करून देतो.

अंक दोन आणि तीन यांमधील आयुष्य

या औषधांवरील रुग्णांचे आयुष्य 'आयएनआर' नावाच्या एका अंकाभोवती फिरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली ही पद्धत स्वीकारल्यामुळे कोणत्याही प्रयोगशाळेतील अहवालांची तुलना शक्य झाली. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. औषध घेणाऱ्या बहुतेक रुग्णांचा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवला जातो. हृदयाच्या मिट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर तो अडीच ते साडेतीन ठेवतात. अंक खाली गेला तर झडपेवर गुठळी बसण्याचा किंवा ती मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो. वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

परदेशात अलीकडच्या काळात आयएनआर तपासावी न लागणारी नवी औषधे पुष्कळ वापरली जातात. आपल्याकडेही ती मिळतात. परंतु धातूच्या झडपेसाठी ती चालत नाहीत. दाबिगाट्रान या औषधाची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबविण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सांधेतापामुळे झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही जुनीच औषधे सरस ठरल्याचे २०२२ मधील 'इन्व्हिक्टस' या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. लहानपणी होणारा सांधेताप हे भारतात झडपा बिघडण्याचे मोठे कारण आहे. त्यामुळे जुनी गोळी आणि तिच्यासोबतचा पालेभाजीचा प्रश्न आपल्याकडे अद्याप मागे पडलेला नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधील अनेकांच्या हृदयोपचारांची वाट मध्य रेल्वेने परळ, शीव आणि भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाते. शस्त्रक्रिया तेथे होते आणि तपासणीची तारीखही तेथलीच मिळते. गर्दीच्या लोकलमधून तासा-दीड तासाचा प्रवास, एक दिवसाचा बुडालेला रोज आणि सोबत यावे लागणारे घरचे माणूस, हा हिशेब मांडला की तपासणी पुढे ढकलली जाते. आयएनआरची रक्ततपासणी जवळच्या प्रयोगशाळेत करून अहवाल डॉक्टरांना दाखविता येतो. मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ताटात काय बदलले, हे त्या अहवालात लिहिलेले नसते.

ऋतू आणि व्रते यांचे वेळापत्रक

ताट तर सतत बदलत असते. पावसाळा सुरू झाला, की मुरबाड-कर्जत पट्ट्यातील आदिवासी महिला बदलापूरच्या बाजारात टाकळा, शेवळा, कोरळ अशा रानभाज्या घेऊन बसतात. घरात अचानक आठवडाभर पालेभाजी होते. आषाढी एकादशीपासून चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घरांतून कांदा-लसूण हद्दपार होतो. याच सुमारास उल्हासनगरात सिंधी बांधवांचे चाळीस दिवसांचे 'चालिहो' व्रत सुरू होते आणि तेथीलही आहार बदलतो. थंडीत मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला स्वस्त होतो, पातीचा लसूण येतो. उन्हाळ्यात पालेभाजी महागते आणि ताटातून जवळपास दिसेनाशी होते.

गोळीचा डोस मात्र वर्षभर तोच राहतो. मे महिन्यात पालेभाजीविना ठरविलेला डोस डिसेंबरच्या रोजच्या मेथी-पालकासमोर अपुरा पडू शकतो. उलट डिसेंबरमध्ये वाढवलेला डोस उन्हाळ्यात जास्त होऊ शकतो.

यावर पूर्वी सांगितला जाणारा उपाय म्हणजे पालेभाजी वर्ज्य करणे. आता वैद्यकीय मत बदलले आहे. आहारात 'के' जीवनसत्त्व अगदी कमी असलेल्या रुग्णांचा आयएनआर उलट अधिक हेलकावे खातो. शरीरातला साठा तुटपुंजा असल्याने एखाद्या दिवशीच्या वाटीभर पालकानेही तोल जातो. न्यूकॅसल येथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आयएनआर अस्थिर असलेल्या रुग्णांना रोज १५० मायक्रोग्रॅम 'के' जीवनसत्त्व दिल्यावर त्यांचा अंक अधिक स्थिर राहिला. म्हणूनच आज सांगितले जाते, की पालेभाजी खा, पण दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खा. बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

अर्क म्हणजे भाजी नव्हे

खरी सावधगिरी हवी ती अर्क, कॅप्सूल, काढा आणि 'गोळीला पर्याय' या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या उपायांबाबत. अर्कात अनेक ग्रॅम वनस्पतीचा गुण एका कॅप्सूलमध्ये कोंबलेला असतो. न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली दिलेला इशारा बोलका आहे. वॉरफरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केले आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. आमटीतल्या हळदीने असे घडल्याचे ऐकिवात नाही. काही उत्पादनांत शोषण वाढविण्यासाठी मिरीचा अर्क घातलेला असतो. कर्क्युमिन रक्तात कमी उतरते, ही निसर्गाची संरक्षक व्यवस्था तेथे मुद्दाम मोडलेली असते.

मेथीबाबतही तसेच. कॅनडात २००१ साली नोंदलेल्या एका प्रकरणात वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा आयएनआर मेथी आणि बोल्डो या वनस्पतींची उत्पादने घेतल्याने वाढला होता आणि ती थांबविल्यावर पूर्ववत झाला. याउलट आल्याच्या शिफारस केलेल्या मात्रेने वॉरफरिनच्या कामात निरोगी व्यक्तींमध्ये फरक पडला नाही, असे २००५ च्या एका चाचणीत आढळले. म्हणजे प्रत्येक वनस्पती, तिचे प्रमाण आणि तिचे रूप यांचा वेगळा विचार करावा लागतो.

करोनाच्या साथीत २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सुचविला, तेव्हा तो दिवसातून एक-दोनदा घ्यावा असे म्हटले होते. अनेक घरांत त्याचे प्रमाण आणि दाटपणा मनाप्रमाणे वाढत गेला. निरोगी व्यक्तीला त्यातून पोटात जळजळ होण्यापलीकडे सहसा काही होत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दुहेरी औषधे घेणाऱ्यांनी मात्र असा काढा नित्यनेमाने सुरू करण्यापूर्वी विचारणा करणे इष्ट.

शस्त्रक्रियेपूर्वीही हीच दक्षता लागते. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील २००१ च्या एका आढाव्यात लसणाची औषधी उत्पादने शस्त्रक्रियेच्या किमान सात दिवस आधी थांबवावीत, असे सुचविले आहे. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. प्रभावित झालेल्या प्लेटलेट जाऊन नव्या याव्यात, हा त्यामागचा हिशेब. दात काढायला जाणारा रुग्ण गोळ्यांची नावे सांगतो, पण रोज उपाशीपोटी गिळत असलेल्या लसणाचा उल्लेख करीत नाही. कारण त्याच्या लेखी ते औषध नसतेच.

वनस्पतींचे अर्क उलट दिशेनेही काम करतात. शेतात विळा लागला, की एकदांडीचा पाला चुरून जखमेवर दाबण्याची रीत ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात जुनी आहे. तुर्कस्तानात ओव्याच्या वासाची आठवण करून देणारी थाइम, ज्येष्ठमध, द्राक्षवेल, कुलिंजन आणि खाजरी यांच्या अर्कांचे मिश्रण रक्तस्राव थांबविण्यासाठी औषध म्हणून वापरले जाते. जखमेवरील रक्तातील प्रथिनांचे जाळे ते झटपट तयार करते. 'वनस्पती म्हणजे रक्त पातळ करणारी' हे सूत्र त्यामुळे सरसकट लागू पडत नाही.

गोळी घेणाऱ्यांनी काय करावे?

लसूण, आले, हळद, कोथिंबीर नेहमीच्या स्वयंपाकात पूर्वीप्रमाणे खाण्यास हरकत नाही. पालेभाजी बंद करू नये. आठवड्यातील प्रमाण शक्यतो सारखे ठेवावे. श्रावणात, चालिहोत किंवा हिवाळ्यात आहार मोठ्या प्रमाणावर बदलणार असेल, तर एक-दोन आठवड्यांनी आयएनआर तपासून घ्यावा. कोणतीही कॅप्सूल, अर्क, पावडर किंवा रोजचा काढा सुरू करताना आणि बंद करतानाही डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वी व दात काढण्यापूर्वी गोळ्यांच्या यादीत या वस्तूंचीही नोंद करावी, मात्र मूळ गोळी स्वतःहून थांबवू नये. हिरड्यांतून रक्त, काळे शौच, लालसर लघवी, अकारण काळे-निळे डाग किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

कृत्रिम झडपेसाठीच्या गोळीला लसूण हा पर्याय नाही. लसणाचा प्रभाव प्लेटलेटवर, तोही सौम्य आणि अनिश्चित. झडपेवरची गुठळी रोखण्यासाठी गोठणघटकांना आवरावे लागते आणि ते लसणाच्या आवाक्याबाहेर आहे. गोळी सोडून पाकळ्या गिळणारा रुग्ण काही आठवडे ठणठणीत वाटू शकतो, कारण गुठळी तयार होताना दुखत नाही.

साई भाजीच्या पातेल्याला मात्र या सगळ्यात दोष देता येत नाही. लसणाची फोडणी आणि हिरवा पाला एकत्र शिजविणाऱ्या घरांनी ती दर आठवड्याला नेमाने रांधावी. गोळी घेणाऱ्याच्या ताटात तिची वाटी दर वेळी साधारण तेवढीच असावी, इतकेच.